पुढच्या गाडीनं भरलेला टोल

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस आहे. गाव पुण्याकडचं राहू, नोकरी कुरकुंभला केमिकल कंपनीत, मेंटेनन्सला. अमावास्येला नाइट शिफ्ट नको म्हणणाऱ्यांना मी तोंडावर हसतो. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट बघितलेलं नसतं, हा माझा खाक्या. हे लिहितोय ते एवढ्याचसाठी की या एका गोष्टीचं कारण मी वर्षभर शोधतोय...

गेल्या वर्षी कंपनीनं मला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला दीड महिना थायलंडला पाठवलं. बँकॉकच्या बाहेर प्लांट होता. शेवटच्या आठवड्यात बायको सारिका आणि सहा वर्षांची ओवी फिरायला आल्या. रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं, माझं चार दिवसांनी. कंपनीनं वापरायला गाडी दिली होती, आणि तिथंही आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात. म्हटलं, मीच सोडतो.

विमानतळाकडं शहराच्या डोक्यावरून जाणारा उंच रस्ता आहे. आम्ही निघालो त्या बाजूनं वाटेत तीन टोल लागतात. आपल्याकडं फास्टॅगमुळं काच खाली करायची सवयच मोडली, तिथं मात्र अजून खिडकीत माणूस बसून रोख पैसे घेतो. पहिल्याच आठवड्यात पाटसच्या टोलनाक्यावर आम्ही आसपासचे लोक टोल माफ व्हावा म्हणून म्हणतो तसं माझ्या तोंडून 'लोकल' निघून गेलं होतं. खिडकीतली बाई गोड हसली आणि पूर्ण पैसे घेतले.

त्या रविवारी, भर दुपारी बाराला, पहिल्या टोलवर मी नोट पुढं केली तर खिडकीतल्या पोरगेल्या माणसानं हातानंच नको म्हटलं. समोर निघालेल्या पांढऱ्या गाडीकडं बोट दाखवून तो इंग्रजीत म्हणाला, "फ्रंट कार, पे." दांडा वर गेला. सारिका म्हणाली, चला, कुणीतरी पुण्य केलं. मीही हसलो. कुणाची तरी चूक झाली असेल. ओवी मागच्या सीटवर झोपली होती.

दुसऱ्या टोलवर पुन्हा तेच. पुढं तीच पांढरी गाडी. या वेळी खिडकीत बाई होती, तिनंही नोट घेतली नाही. मी एक बोट वर करून विचारलं, फक्त माझाच? तिनं हो म्हणून मान हलवली. आरशात बघितलं तर आमच्या मागचा माणूस स्वतःचे पैसे देत होता.

तेवढ्यात पुढच्या गाडीच्या खिडकीतून उजवा हात बाहेर आला आणि 'या मागं' म्हणून दोनदा हलला. मधलं बोट अर्धंच होतं.

इथं मला अण्णाबद्दल सांगावं लागेल. अण्णा माझा थोरला चुलत भाऊ. त्याचं ते बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं. फास्टॅग यायच्या आधी आमच्याकडं वऱ्हाड निघालं की पुढची गाडी अण्णाची, आणि सगळ्या गाड्यांचा टोल तोच भरणार. खिडकीत सांगायचा, मागच्या तीन आपल्याच हायत. मग हात बाहेर काढून आम्हाला खुणावायचा. ओवीच्या जन्माआधी अशाच एका लग्नाला आम्ही कुरकुंभवरून पुण्याकडं निघालो होतो. पाटसचा टोल अण्णानं भरला. त्याच्या लगेच मागं आमची गाडी होती. यवतच्या पुढं सारिका म्हणाली, मळमळतंय, गाडी बाजूला घ्या. आम्ही पाच मिनिटं थांबलो. पुढं कासुर्डीजवळ अण्णाची जीप उभ्या ट्रकवर गेली होती. अण्णा जागेवर गेला. त्याची चार वर्षांची मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, तिला दवाखान्यात नेईपर्यंत ती पण गेली. वहिनी तिसऱ्या गाडीत होती, म्हणून वाचली.

तर तो हात मी लगेच ओळखला. सारिका घाबरेल म्हणून मी गप्प बसलो. मनात एकच होतं, टोल त्यानं भरला म्हणजे आपण त्याच्या वऱ्हाडात. तिसरा टोल काहीही करून आपला आपण भरायचा.

तिसऱ्या टोलला मी मुद्दाम कडेच्या रिकाम्या लेनमध्ये घुसलो. पुढं एकही गाडी नव्हती. नोट खिडकीत जवळजवळ कोंबलीच. आतल्या म्हाताऱ्यानं ती शांतपणे परत माझ्या हातात दिली. "फ्रंट कार, पे." मागून हॉर्न सुरू झाले. मी बाहेर पडलो, आणि दोन गाड्यांच्या अंतरावर ती पांढरी गाडी सावकाश चालली होती, आमच्यासाठी वेग कमी केल्यासारखी. हात बाहेरच होता.

विमानतळाचा फाटा डावीकडं होता. ती गाडी सरळ निघाली. मला डावीकडं वळायचं कळत होतं, पण स्टिअरिंगवरचे हात हलेनात. खोटं कशाला सांगू, मी त्याच्या मागंच निघालो होतो. फाटा अगदी जवळ आला.

तेव्हा सारिका समोर बघत हळूच म्हणाली, "मला मळमळतंय. गाडी बाजूला घ्या."

त्या दिवशीचेच शब्द. आवाजही तोच. मी गाडी डावीकडं ओढली आणि फाट्याच्या उतारावर कडेला थांबवली. सारिका उतरली नाही. तिला काहीही होत नव्हतं. तिनं मागं हात नेऊन ओवीचा पाय घट्ट धरला होता. वर बघितलं तेव्हा पांढरी गाडी दिसेनाशी झाली होती.

"पहिल्याच टोलला अण्णांचा हात वळखला हुता मी," ती म्हणाली. "तुमी घाबरताल म्हणून बोलले न्हाई."

त्यांना विमानात बसवून मी खालच्या रस्त्यानं, ट्रॅफिकमधून, तीन तास रखडत परत आलो. प्लांटमधल्या तिथल्या सहकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला ओळखीचे लोक भरतात कधी कधी एकमेकांचा टोल. असेल. पण रिकाम्या लेनमध्ये आमच्यासाठी कुणी भरला? तो हात आम्हा दोघांनाही कसा दिसला? अण्णा आम्हाला न्यायला आला होता, की नुसता आपली माणसं दिसली म्हणून जुन्या सवयीनं खुणावत होता? मला माहीत नाही. त्या रस्त्यावर पुढं त्या दिवशी काही घडलं का, हे मी मुद्दाम शोधलेलं नाही.

वहिनी राहूलाच असते, आमच्या शेजारच्या घरात. तिला हे अजून सांगितलेलं नाही. सारिका म्हणते, सांगू नका, त्या पहिलं हेच विचारतील, की अण्णा बोलवत होते तर तुम्ही मागं का गेला नाहीत.

ओवी मागच्या सीटवर झोपली होती, हे उत्तर मी वहिनीला कोणत्या तोंडानं देऊ?