दोन विहिरींचा प्लॅन

"पंधरा दिवसांत प्लॅन तयार पाहिजे," डेप्युटी कमिशनर साहेबांनी मोटारीत बसता बसता सांगितलं. आमच्या म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी मान डोलावली आणि मोटार गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "इन्स्पेक्टर, हे तुमच्याकडे."

मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. गटारं, हौद, देवीची लस, मेलेली जनावरं हे माझं खातं. त्यात आता ए.आर.पी. आलं, म्हणजे हवाई हल्ला झाला तर गाव कसं वाचवायचं त्याची व्यवस्था. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला होता आणि नागपुराहून रोज सर्क्युलरं येत होती. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, कापसाच्या बाजाराचं. नाव लिहीत नाही, कारण तिथं अजून त्याच घरांतली माणसं राहतात. जपानी विमानाला हे गाव सापडलं असतं तर त्या वैमानिकाचं कौतुकच करावं लागलं असतं. पण आगीची भीती खोटी नव्हती. आमच्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून सरपणासाठी घराच्या मागं रचून ठेवतात. उन्हाळ्यात अख्खं गाव काड्यापेटीसारखं असतं.

सरकारनं आम्हाला दोन स्टिरप पंप दिले. हा छोटा हातपंप. बादलीत उभा करायचा, एका पायानं दाबून धरायचा आणि हातानं मारायचा. एक बादली बघता बघता संपते. म्हणून लागते साखळी: विहिरीपासून आगीपर्यंत माणसं उभी करायची आणि भरलेली बादली हातोहात पुढं द्यायची. बंबाशिवाय आग विझवायची हीच एक रीत.

वॉर्ड तीनची पहिली मीटिंग शाळेत झाली. मी फळ्यावर साखळी काढून दाखवली. एक दुकानदार उभा राहिला.

"साहेब, साखळीत माह्या आंधी कोन उभा राहीन?"

मला प्रश्न कळला. सगळ्यांनाच कळला. वॉर्डाच्या कडेला, तेव्हा ज्याला महारवाडा म्हणत, तिथल्या बारा जणांनी सगळ्यात आधी नावं दिली होती. ते मीटिंगला व्हरांड्यात बसले होते.

त्यांचे पुढारी संपतराव. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. कवायत, शिट्टी, हुकूम या गोष्टी गावात त्यांच्याइतक्या कुणालाच येत नव्हत्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते. आज लिहिताना मी संपतराव लिहितो. तेव्हा मी त्यांना संपत म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

अध्यक्ष वकील होते, वाट काढण्यात हुशार. ते म्हणाले, "दोन पथकं करा, दोन विहिरी द्या. भांडण नको, बोभाटा नको."

मला हायसं वाटलं. मी लिहिलं: पथक एक, विहीर नंबर एक, वॉर्डाच्या मधोमध. पथक दोन, विहीर नंबर चार, नाल्यापलीकडे.

यादी वाचून दाखवल्यावर संपतराव दाराशी आले. "साहेब, चार नंबरची इहीर चैतात तळाले जाते. उन्हाळ्यात तिच्यात बेंडकंबी राहत नाईत."

"तोवर लढाई संपेल," मी म्हणालो.

"हाव जी," ते म्हणाले आणि सलाम करून गेले.

मार्गशीर्षात डेप्युटी कमिशनर साहेबांसमोर ड्रिल झालं. विहिरी काठोकाठ होत्या. पेटवलेली गवताची गंजी दोन्ही बाजूंच्या साखळ्यांनी पाहता पाहता विझवली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आमचा प्लॅन जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांनी पाहावा असा शेरा मारला. तो कागद मी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला.

वैशाखातल्या एका दुपारी गुलाब शिंप्याच्या घराला आग लागली. तो शिवलेले कपडे द्यायला गेला होता. कोळशाच्या इस्त्रीतला निखारा चिंध्यांवर पडला असावा. पुढची खोली पेटली होती. मागच्या खोलीत त्याची बायको कौसल्या होती. बाळंत होऊन बारावा दिवस. बाळ नेमकं शेजारणीनं तेल लावायला नेलं होतं. मागच्या खोलीला खिडकी नव्हती, दार एकच, तेही पुढच्या खोलीत उघडणारं.

मी धावत पोचलो तेव्हा तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "माह्यं लेकरू कुठं हाये? लेकरू हाये ना बाहीर?" शेजारीण ओरडून सांगत होती, "हाये व माय, माह्यापाशी हाये!"

लग्नसराई होती. पथक एकचे बहुतेक गडी एका वऱ्हाडाबरोबर मेहकरला गेले होते. उरले होते दोन म्हातारे आणि पाणी शेंदणाऱ्या तीन बायका. एकेक बादली येत होती, पंप ती गिळत होता आणि कोरडाच वाजत होता. दोघांनी मागच्या भिंतीला पहार लावली, पण भिंत दगडमातीची, हातभर जाड.

पथक दोन मात्र पूर्ण आलं होतं. बारा माणसं, बारा बादल्या. प्लॅनमध्ये लिहिलं होतं तसे ते आधी नाल्यापलीकडे पळाले. परत आले तेव्हा बादल्यांच्या तळाशी चिखल होता.

विहीर नंबर एक शिंप्याच्या दारासमोरच होती. तीसेक पावलं. संपतराव तिच्या कठड्यापासून चार हातांवर थांबले, टाचा जुळवल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, या इहिरीवर चढू काय? हुकूम द्या."

हुकूम देणं माझ्या हातात होतं. प्लॅन माझा, शिट्टी माझ्या गळ्यात. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते समोरच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, ते आगीकडे बघत राहिले. कठड्याजवळच्या दोन म्हाताऱ्यांचे चेहरे मला दिसत होते.

"थांबा जरा," मी म्हणालो. "बाजारातून माणसं येताहेत."

"साहेब, बाई आवाज देऊन राह्यली."

"थांब म्हटलं ना!"

ते थांबले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. घड्याळ खिशात होतं, मी पाहिलं नाही. एवढं खरं की आतला आवाज आधी खोकल्यात गेला आणि मग बंद झाला. तेव्हा मला कंठ फुटला.

"चढा! चढा सगळे!"

त्या बारा जणांनी जे केलं ते ड्रिलमध्येही झालं नव्हतं. चौघे शेंदायला, बाकीचे साखळीत. शेंदणाऱ्या तिघी बायकाही त्याच साखळीत उभ्या राहिल्या, कोण कुणाच्या आधी ते कुणी पाहिलं नाही. थोड्याच वेळात दारापर्यंत वाट झाली. संपतराव ओली घोंगडी पांघरून आत गेले आणि कौसल्याला उचलून बाहेर आले. तिच्या अंगावर भाजल्याची खूण फारशी नव्हती. धुरानंच ती गेली होती. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी काढलं असतं तर..." आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर पहिला अर्ज होता तो विहीर बाटली म्हणून उपसून घेण्याबद्दल. खाली सतरा सह्या. मी त्यावर लिहिलं: पाणी तपासले, पिण्यास योग्य आहे. आठ दिवस लोकांनी त्या विहिरीला दोर लावला नाही. मग ऊन वाढलं आणि सगळे मुकाट्यानं भरू लागले.

साहेबांना रिपोर्ट पाठवायचा होता. मी लिहिलं: पाणी वेळेवर उपलब्ध होऊ शकले नाही. अध्यक्षांना ते वाक्य फार आवडलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कौसल्याचे वडील आले. धामणगाव बढ्याहून बैलगाडीनं, निरोप उशिरा पोचलेला. मी पंचनाम्यासाठी तिथं होतो आणि संपतराव पडलेले वासे बाजूला करत होते. म्हाताऱ्यानं जळकं घर पाहिलं, नातू मांडीवर घेतला, परत दिला. मग उठून विहिरीपाशी गेला आणि वाकून आत बघत राहिला.

"पानी तं दिसून राह्यलं," तो म्हणाला. "मंग काय कमी पडलं हो?"

मी हातातले कागद चाळत होतो.

संपतरावांनी वासा खाली ठेवला. "पानी होतं बाप्पा. मानसंबी होते. म्या हुकमाची वाट पाह्यत राह्यलो. माही चूक झाली."

मी तीन हातांवर उभा होतो. ही चूक यांची नाही, माझी आहे, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी कागद चाळत राहिलो. म्हाताऱ्यानं संपतरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडे गेला. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

त्या संध्याकाळी मी रिपोर्ट फाडून नवीन लिहिला. समोरच्या विहिरीत पाणी होते. कवायत शिकलेली बारा माणसे हजर होती. पथके वेगळी करणे आणि परवानगी रोखून धरणे, दोन्ही माझ्याकडून झाले. तो साहेबांकडे रवाना केला. त्याची एक नक्कल घेऊन मी संपतरावांच्या घरी गेलो आणि अंगणात बसून वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बराबर लिवलं साहेब," ते म्हणाले. "पन तो बुढा आता गावी गेला."

महिन्याभरात माझी बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढं नोकरीत मी आणखी तीन गावांचे प्लॅन केले. प्लॅनमध्ये लोक पंप मोजतात, बादल्या मोजतात, विहिरींची खोली लिहितात. मी एवढंच बघायला शिकलो की ऐन वेळी कोणाला कोणाची परवानगी मागत उभं राहावं लागेल. प्रत्येक प्लॅनच्या पहिल्या पानावर मी एक ओळ घालत असे: आग लागल्यास कोणत्याही माणसाने कोणत्याही विहिरीवर चढावे, हुकमाची वाट पाहू नये. तीनपैकी दोन कमिट्यांनी ती ओळ खोडली. मी ती दोन्ही ठिकाणी पुन्हा लिहिली आणि खाली सही केली.