आपल्या जागेत नारळ उभा राहत नाही

पुसेगावात कुणाला बोर पाडायचं असलं की आधी सोनाजीकाकांना बोलावणं जायचं. तळहातावर नारळ आडवा ठेवून काका रान तुडवत निघायचे. नारळ उभा राहिला की तिथं दगड ठेवून निवांत बिडी शिलगावायचे. पाणी लागलं तर ते काकांचं. नाही लागलं तर बोरवाल्यानं लवकर हात आखडला.

फक्त काकांच्या घरी पाणी नव्हतं. पाणाड्यानं आपल्या जागेत पाणी पाहू नये, नारळ उभाच राहत नाही, असा रिवाज. दुसऱ्या पाणाड्याला बोलवायला रिवाजाची हरकत नव्हती, काकांची होती. त्यामुळे द्वारकाकाकू लग्न होऊन आल्यापासून वेशीजवळच्या हापशावरून घागरी आणत होत्या.

दोन हजार चारचा उन्हाळा लागता लागता शेजारच्या वैजनाथ मास्तरांनी ओट्यावर बसून पेपर वाचून दाखवला. मंगळावर उतरलेल्या गाडीला तिथल्या दगडांत पाण्याच्या खुणा सापडल्या होत्या. कधीकाळी तिथं पाणी होतं.

"होतं म्हनं!" काका हसले. "म्या असं सांगितलं तर लोक मारतेल मला."

पण आपल्याच धंद्यातली माणसं इतक्या लांब गेली, याचं त्यांना भारी कौतुक. रोज विचारायचे, "मास्तर, गाडी कुठवर गेली?"

एकदा म्हणाले, "पन पानी काहून हुडकून राहिले ते?"

"जीव होता का ते कळायला. पाणी असलं तर जीव."

"हे उलटं झालं. आमी आधी जीव बघतो. वारूळ दिसलं, उंबर दिसला, की खाली पानी."

काकू घागर घेऊन दारात शिरत होत्या. "आन् मी वो? मी जीव न्हाई का? येकदा माझ्या पायाखाली बघा की."

"आपल्या जागेत चालत न्हाई, ठाऊक हाय ना तुला?"

"बराबर हाय. मंगळावर चालतंय."

मास्तरांनी पेपरची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी काकू एसटीनं कनेरगाव नाक्याला गेल्या आणि जळबा पाणाड्याला घेऊनच आल्या. काका ओट्यावर पाठ करून बसले. कान मात्र अंगणात. जळबानं गोठा पाहिला, परसदार पाहिलं. नारळ हलेना. काकूंचं तोंड उतरत चाललं.

शेवटी काका भिंतीकडं बघत म्हणाले, "निंबाखाली वारूळ हाय. मी कुनाला सांगून न्हाई राहिलो. भिंतीशी बोलून राहिलो."

जळबा निंबाखाली गेला. नारळ उभा राहिला.

"सोनाजीभाऊ," जळबा हसू दाबत म्हणाला, "लई कामाची भिंत हाय तुमची."

बोरला पाणी लागलं, तेही गोड. आता पाहुणा आला की काका स्वतः तांब्या भरून आणतात. पाहुणा विचारतो, पाणी दाखवलं कुणी?

"जळबाभाऊनं," काकू ठासून सांगतात.

काका मान डोलावतात. दुसरं काय करणार? आपणच दाखवलं म्हणावं, तर रिवाज मोडला. मग उद्या बोर आटलं, तर खापर त्यांच्यावर, आणि काकू त्यांनाच घागरी घेऊन हापशावर पाठवतील.