दोरीवरचा एक चिमटा

वैद्यबाईंबद्दल मी लिहावं इतकी मला त्यांची माहिती नाही. अकरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती, पण त्यांना चहात साखर किती लागायची हेसुद्धा मला धड सांगता येणार नाही. घरी सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं होतं आणि धाकटा भाऊ आमच्याच शेडमध्ये फिटर होता, एवढंच ठाऊक. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. लिहिण्याची मला सवय नाही. तरी लिहितोय, कारण एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही.

आमचा कारखाना ओझं उचलणाऱ्या हॉइस्टचे भाग बनवायचा. वरच्या मजल्यावर काचेची लांब खोली होती. तिथे ड्रॉइंगवाले बसायचे, आणि कोपऱ्यात मी. तयार झालेला भाग कागदावरच्या मापांशी ताडून बघायचा आणि सही करायची, हे माझं काम. काचेतून खालची सगळी शेड दिसायची.

बाईंचं आडनाव वैद्य नव्हतं. कॉम्प्युटरवर काढलेली भागांची मॉडेलं बिघडली की सगळे त्यांच्याकडे घेऊन यायचे म्हणून ते नाव पडलं. एखादं माप बदललं की अख्खं मॉडेल लाल व्हायचं आणि ड्रॉइंगवरची मापं आधार सुटल्यासारखी भलतीकडेच लोंबायची. बाकीचे हात टेकायचे. बाई खुर्ची ओढून बसायच्या आणि स्क्रीनला विचारायच्या, "काय झालं बाबा, कुठे दुखतंय?"

एकदा मी धीर करून विचारलं, हे असं कशानं होतं.

"काका, हे एकत्र कुटुंब आहे," त्या म्हणाल्या. "डावीकडची ही यादी बघा. वर आजोबा, खाली मुलं, मग नातवंडं. हे भोक त्या कडेच्या जिवावर, ती कड त्या रेषेच्या जिवावर. आजोबांना जरा हलवलं की खालचा कोणीतरी रुसून बसतो."

"मग काय करायचं?"

"त्याला थोडा वेळ झोपवायचं. घर शांत होतं. बाकीचं नीट लागलं की उठवायचं आणि समजूत काढायची."

"आणि उठवायचं राहिलं तर?"

"तर तो नाहीच असं धरून घर चालतं. ड्रॉइंगमध्येही दिसत नाही. कोणाला कळतसुद्धा नाही."

हे सांगताना त्या हसल्या नाहीत, एवढं आठवतंय.

ते राहू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. टेबलावरच्या फळीखाली सुतळी बांधून तिच्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले होते. मोकळे चिमटे डाव्या टोकाला. मॉडेलमधलं काही झोपवलं की एक चिमटा उजवीकडे, उठवलं की तो परत डावीकडे. उजवी बाजू रिकामी झाल्याशिवाय त्या घरी जात नसत. भाऊ वर आला की चिडवायचा, "ताई, धुणं वाळलं का?"

"तुझंच धुतेय," त्या म्हणायच्या.

एका उकाड्याच्या दुपारी त्यांच्याकडे एका ब्रॅकेटचं काम आलं. हॉइस्ट छताला ज्याने टांगतात तो ब्रॅकेट. त्याची पट्टी जाड करायची होती. बाईंनी जाडी बदलली आणि आतल्या कोपऱ्याची गोलाई लाल झाली. ती गोलाई दिसायला क्षुल्लक असते, पण ती नसली की सगळा ताण त्या कोपऱ्यात साचतो आणि लोखंड तिथूनच फाटायला लागतं. बाईंनी ती झोपवली, एक चिमटा उजवीकडे लावला, आणि तेवढ्यात मालकांनी त्यांना खाली बोलावलं.

पंख्याने माझे कागद उडत होते. मी उठलो आणि त्यांच्या दोरीवरचा एक चिमटा काढून कागदांना लावला. हाताशी आला तो घेतला. डावं-उजवं माझ्या डोक्यातच आलं नाही. वर्षानुवर्षं ती दोरी बघणारा मी.

बाई तासाभराने वर आल्या. उजवी बाजू रिकामी होती. त्यांनी उरलेली मापं लावली, ड्रॉइंग काढलं आणि घरी गेल्या.

आठ ब्रॅकेट तयार होऊन माझ्या टेबलावर आले. जुन्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यात अंगठा अलगद घसरायचा, या नव्यांत नख अडकलं. मी कागद बघितला. कागदावर गोलाई नव्हती. पुन्हा बघितला. बाईंना विचारावं असं वाटलं. मग वाटलं, त्यांच्या ड्रॉइंगमध्ये खोट काढणारा मी कोण? मी सही केली. सहा ब्रॅकेट गिऱ्हाइकाकडे गेले. दोन आमच्याच शेडच्या छताला लागले, आणि त्यांच्याखाली बाईंचा भाऊ काम करायचा.

तीन महिने काही झालं नाही. मग एका सोमवारी बाईंनी दुसऱ्या कामासाठी तेच मॉडेल उघडलं. मी बाजूलाच होतो. त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला. यादीतली एक ओळ करड्या रंगाची होती. झोपलेली.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या ब्रॅकेटचा कोपरा तुम्ही बघितला होता?"

"बघितला होता. कागदावर गोलाई नव्हती."

"कागदावर नव्हती," त्या म्हणाल्या. "दोरीवर चिमटाही नव्हता. मी विसरले असेन."

चिमटा माझ्या समोरच्या कागदांनाच होता. मी त्याच्यावर फाइल सरकवली. दुपारी त्या जेवायला गेल्यावर तो काढून खणात टाकला.

गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतः फोन केला. गिऱ्हाइकाने त्याच दिवशी सहाच्या सहा ब्रॅकेट उतरवले. आमचे मालक मात्र म्हणाले, "तीन महिने टिकलंय ना? रविवारी शेड बंदच असते, तेव्हा उतरवू. तोवर काय आभाळ कोसळतंय?"

बाईंनी भावाला वर बोलावून घेतलं. "ओझं वर असताना खाली उभा राहायचं नाही."

"वा. मॉडेल तुझं आजारी आणि पथ्य मी पाळायचं?"

"पाळायचं."

"आणि खालचे बोल्ट कोण पिळणार? हे काका?"

मी कागदात तोंड घातलं. बाई हसल्या नाहीत.

त्या आठवड्यात त्यांनी खुर्ची काचेकडे फिरवून घेतली. खाली साखळी खडखडली की त्यांचं काम थांबायचं. ओझं जमिनीला टेकलं की पुन्हा सुरू. बुधवारी भाऊ सांगून गेला की ओझं उचलताना वरून एक टक् असा आवाज येतो, साखळीला तेल हवंय बहुतेक. बाईंनी विचारलं, "साखळीतून येतो की छतातून?" त्याला सांगता आलं नाही.

गुरुवारी एका यंत्राचं जड झाकण हॉइस्टवर अर्धवट उचलून ठेवलेलं होतं. जेवणाची घंटा झाली तेव्हा ते तसंच लटकत ठेवून सगळे गेले. जेवणानंतर भाऊ त्याच्याखाली जाऊन बोल्ट लावणार होता. त्याआधी शिडीवर चढून कोपऱ्यावर टॉर्च मारायचा आणि चीर दिसली तर मालकांना वर चढवून दाखवायची, असं बाईंनी ठरवलं. दोन मिनिटांचं काम होतं.

त्या शिडीवर असतानाच ब्रॅकेट फाटला. झाकण शिडीला घेऊनच खाली आलं. भाऊ जेवणाच्या खोलीत होता, त्याला ओरखडाही आला नाही. त्याने पुढे नोकरी सोडली. मला रस्त्यात दिसला की अजून वाकून नमस्कार करतो, आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं.

तुटलेला तुकडा तपासायला माझ्याकडेच आला. दुसरा कोण होता? चीर बरोबर कोपऱ्यातून निघाली होती. तिचा निम्म्याहून जास्त भाग काळपट होता, म्हणजे जुना. उरलेला ताजा, चकाकणारा. मापं घेतली. सगळी कागदाप्रमाणे बरोबर होती. मी तसं लिहिलं आणि सही केली.

त्या दुपारी टॉर्च घेऊन निघताना बाई माझ्या टेबलापाशी थांबल्या होत्या. पंखा जोरात होता आणि मी दोन्ही हातांनी कागद दाबून बसलो होतो.

"काका, कागद उडतायत तुमचे. चिमटा लावा."

त्यांना त्या चिमट्याचं ठाऊक होतं, का त्या सहजच बोलल्या, हे मला आजही सांगता येत नाही.

"लावतो," मी म्हणालो.

"आणि चहा मागवून ठेवा. आलेच मी."

"बरं."