चष्मा पुसणारी डॉक्टरीण

नातीला रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात ती डॉक्टरीण भेटली. नाव मी विचारलं नाही. अवघड बोलायचं असलं की ती आधी एप्रनच्या टोकाने चष्मा पुसायची, एवढं ध्यानात राहिलं.

मी ठणकावलं, "बाई, आमच्या घराण्याच्या रक्तात खोट नाय!"

तिने चष्मा पुसला. "खोट घराण्याची नाही, बाबा. कोवळ्या पेशीला पक्कं व्हायला सांगणारी जनुकं असतात. हिच्यात ती बंदच राहिली. म्हणून पेशी कोवळ्याच राहून नुसत्या वाढत सुटल्यात."

ते मला बरोबर कळलं. शिकलो चौथी, पण जन्म द्राक्षबागेत गेला. छाटणीनंतर ढगाळ हवा पडली की कोवळा घड वेलीतच जिरतो आणि त्याची नुसती बाळी होते. बाळी म्हणजे वळवळता तंतू, त्याला फळ नाही.

"मग औषधाने होतील का पक्क्या?"

"तोच प्रयत्न आहे."

बाळीचा परत घड झालेला मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ते सांगायला तोंड उघडलं, तर तिचा हात पुन्हा चष्म्याकडे निघाला होता.

मी घाईने म्हणालो, "राहू द्या बाई, काच स्वच्छच हाय."