चुलीवर भाजलेलं जातं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, देवापुढंही मोठ्यानं कधी म्हटलं नाही. पंधरा वर्षांची असताना मी घरातलं जातं चुलीवर भाजलं.

हसा. मीही हसते. भाकरी भाजतात, वांगं भाजतात — ही महामाया जातं भाजायला निघाली! पण हसून झालं की थोडं थांबा. कारण गोष्ट जात्याची नाहीच. गोष्ट झोपेची आहे. कुणाची झोप कुणी घेतली, त्याची.

आमचं घर कुंडलच्या अलीकडं, मळ्यात. दुसरी मोठी लढाई चालू होती. लग्न होऊन दोन महिने झाले नाहीत तोवर मालक पलटणीत परत गेले, आणि घरात उरलो चौघं — सासूबाई, मामंजी, मी आणि नणंद हौसा. हौसा माझ्याहून वर्षभरानं लहान. उंच, गोरी, केस दाट. लोक तिला येडी म्हणायचे. ती येडी नव्हती. ती कुणाच्या तोंडाकडं बघत नसे, हाक मारली तर वळत नसे, अंगाला हात लावला की भाजल्यासारखी मागं सरायची. दिवसाकाठी चार शब्द बोलली तरी खूप. आणि रात्री — रात्री तिला झोप म्हणून नव्हती. सोप्यातून अंगणात, अंगणातून सोप्यात, पायांचा आवाज नाही, काही नाही. गडी माणूस दिवसभर ऊस तोडून जसा झोपतो, तशी ती जागी असायची. अगदी मनापासून.

पण पहाटे कोंबडा आरवायच्या आधी मी दळायला बसले की ती यायची. जात्यापाशी आडवी व्हायची, डोकं माझ्या गुडघ्याला टेकायची — स्वतः होऊन टेकायची हं, दुसऱ्यानं टेकवलेलं चालायचं नाही — आणि एक हात खालच्या दगडाला लावायची. माझ्या तळहाताला फोड आलेले. एखाद्या दिवशी झोपायच्या आधी माझा हात उलटा करून त्या फोडांवरनं अंगठा फिरवायची. मग घरघर सुरू झाली की ज्वारीच्या पाचव्या मुठीला हौसा गाढ. ऊन अंगणात उतरेपर्यंत झोपायची. उठली की सासूबाई रोज विचारायच्या, “झाली का झोप?” आणि पेजेची वाटी पुढं ठेवायच्या. रोज तेच, तसंच. वाटी बदलली तर ती जेवत नसे.

आता माझं ऐका. मला झोप प्रिय होती. लाज वाटते सांगायला, पण माहेरी मी उन्हं येईतोवर लोळणारी. आईनं डोक्यावर पाणी ओतावं तेव्हा उठणारी. आणि इथं पहाटेच्या अंधारात ज्वारीची पाटी पुढ्यात! तशात कुंडलात इंजनाची गिरणी सुरू झालेली. शेजारच्या मळ्यातली सून आठवड्याला पोतं गाडीत टाकून पाठवायची आणि मला डोळे मिचकावून सांगायची, “आमी बाई पाकरं वरडल्यावर उठतो.” माझ्या पोटात जे काही जळलं म्हणता!

तर एका दुपारी सासूबाई-मामंजी उसात गेलेले. मी जात्याची वरची तळी उचलून आणली, खुंटा उपसून बाजूला ठेवला — जळेल म्हणून, एवढी अक्कल मात्र होती — आणि तळी चुलीवर चढवली. खाली शेणी, तुराट्या, जे सापडेल ते सारलं. दगड चांगला तापला तसा वरून गार पाण्याचा तांब्या ओतला. टक् असा आवाज झाला. केसाएवढा तडा. मला वाटलं, मीच जगातली शहाणी.

मागं बघते तर दारात हौसा. दोन्ही कान गच्च दाबलेले. तिनं सगळं बघितलं होतं. मी घाईनं गुळाचा खडा तिच्या हातात कोंबला. कशाला? ती कुणाला सांगणार होती? तिनं खडा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली.

दुसऱ्या पहाटे पाचव्या मुठीच्या आतच तळी दुभंगली. मी असा गळा काढला, की मामंजी काठी घेऊन धावत आले. सासूबाईंनी मला जवळ घेतलं. “रडू नगं गं. दगूडच त्यो. फुटायचाच कवातरी.” मामंजी म्हणाले, “आता नवं जातं कशाला? गिरणी हाय की.” मला हेच तर ऐकायचं होतं. त्यांनी दोन्ही तुकडे आणि खालची तळीही विहिरीवर नेऊन टाकली, धुण्याचे दगड म्हणून.

आणि मी झोपले. काय झोपले! पाखरं ओरडून थकली तेव्हा उठले.

चौथ्या दिवशी मला कळलं. खरं सांगू? पहिल्याच दिवशी कळलं होतं. हौसा दळायच्या वेळी येऊन त्या रिकाम्या जागेवर आडवी झाली, जमिनीवर हात ठेवला, आणि वाट बघत राहिली. मी पांघरुणाच्या फटीतून बघत होते. उजाडलं तरी तिचे डोळे उघडेच. मग ती स्वतःच घशातून घरघर असा आवाज काढायला लागली. मग अंगणात गोल गोल फिरायला लागली — उजवीकडून डावीकडं, जातं फिरतं तशीच. दहा-बारा दिवसांत तिचे डोळे खोल गेले. पेज टाकली. डोकं सोप्यातल्या खांबावर, मेढीवर, आपटायला लागली. आणि रात्र झाली की विहिरीवर जाऊन बसायची.

घरच्यांनी काय समजायचं? विहिरीवर आसरा असतात, त्या पोरीबाळींना पाण्यात ओढतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. देवऋषी आला, भंडारा उधळला, म्हणाला, “आसरांनी धरलीया. जीव घ्यायच्या त्या.” सासूबाई मटकन खाली बसल्या. कुणालाच दिसलं नाही, की पोर पाण्याकडं बघतच नव्हती. ती त्या फुटक्या तळीजवळ बसून अर्धा दगड दोन हातांनी फिरवायला बघत होती. मला दिसलं. मला एकटीला.

मी बोलले का? एवढंच म्हणायचं होतं — मामंजी, नवं जातं आणा. मीच भाजलं हेही सांगायची गरज नव्हती! पण जातं आलं, की पहाट आली. आणि ते एक सोडा — कुणी विचारलं असतं, तुला गं कसं कळलं, तर? सांगितलं असतं काहीतरी. तोंड काय कमी होतं माझं? ते उघडलंच नाही.

देवऋषीनं धुरी द्यायला मिरच्या मागितल्या. त्या मी आणून दिल्या. चांगल्या मूठभर. हौसाचं किंचाळणं मळ्याच्या बांधापर्यंत गेलं, आणि मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते, गिरणीच्या पिठाच्या. रात्री ती विहिरीकडं जाऊ नये म्हणून मामंजी तिला मेढीला बांधायला लागले. अंगाला हात लावलेला न चालणारी पोर, आणि मनगटाला चऱ्हाट. कातडी सोलून निघाली. सासूबाई तिथंच तिच्याजवळ बसून राहायच्या, पदर तोंडात कोंबून.

शेवटी सासूबाईंनीच तिला बैलगाडीतून विट्याच्या पलीकडं, आपल्या बहिणीकडं पोचवलं. तिकडं नुसता माळ. हंडाभर पाण्याला कोसभर चालायचं. मावशी म्हणाल्या म्हणे, “हितं मानसाला प्यायला पानी न्हाई. आसरा काय धूळ खाऊन ऱ्हात्याल?” आणि खरंच, हौसा तिथं झोपायला लागली. सगळे म्हणाले, पाण्यापासून तोडली म्हणून सुटली. तेव्हा तिला परत पाण्याजवळ आणायचं नाही, हे कायमचं ठरलं. माझ्या त्या एका तांब्याभर पाण्यानं तिचं घर तुटलं.

लढाई संपल्यावर मालक आले, आणि आम्ही दोघं मावशींकडं गेलो. पहाटे मला जाग आली ती घरघरीनं. सोप्यात मावशी दळत होत्या, आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून, दगडाला हात लावून हौसा झोपलेली. मनगटाभोवती पांढरा वण. मावशींना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. “पडती हितंच,” म्हणाल्या. “गार लागतंय वाटतं.”

परत आल्यावर सासूबाईंनी विचारलं, कशी हाय माझी हौसा? मी म्हटलं, बऱ्या हाईत. जात्याचं सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी जातं घेऊन, गाडी जुंपून लेकीला आणायला गेल्या असत्या. मला ते ठाऊक होतं. त्या पुढं आठ वर्षं जगल्या. रात्री-अपरात्री उठून रिकाम्या मेढीपाशी बसायच्या. हौसा पुढं तिथंच, त्या माळावरच वारली. आपल्या घरात ती पुन्हा पाऊल ठेवू शकली नाही.

गेल्या वर्षी माझ्या पणतूला सांगलीच्या डॉक्टरांनी स्वमग्न म्हणून सांगितलं. अशा बऱ्याच मुलांना झोपेचा त्रास असतो, म्हणाले. नातसून त्याच्या उशाशी मोबाईलवर पंख्याचा आवाज लावून ठेवते. घर्र, घर्र, एकसारखा. पोरगं झोपतं. “आजी, कसली गंमत बघा,” ती म्हणाली. मी उठून मागल्या दारी गेले.

मावशींकडच्या त्या दिवशी ऊन वर आल्यावर हौसा उठली. मला बघून थांबली. जवळ आली, माझा हात धरला — तिनं, आपणहून — आणि तळवा वर केला. अंगठा फिरवला. एक फोड नाही, एक घट्टा नाही. मऊ हात. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, कधीच बघत नसे. टोमणा तिला ठाऊक नव्हता. तिनं फक्त विचारलं,

“वैनी, झाली का झोप?”