गुर्जी, ही म्हणती…

काही सांगायचं असलं की ती शेजारच्या सुमीची बाही ओढायची आणि हाताचा आडोसा करून तिच्या कानात पुटपुटायची. मग सुमी उठून ठणकावून सांगायची, "गुर्जी, ही म्हणती, तुमचा गुणाकार चुकला!"

आणि तो खरोखरच चुकलेला असायचा.

जाफराबाद तालुक्यातल्या एका खेड्यात मी चौथीचा वर्ग घ्यायचो, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. असं मूल तुम्हीही पाहिलं असेल. घरी घर डोक्यावर घेतं आणि शाळेच्या पायरीवर चपलांबरोबर आवाजही काढून ठेवतं.

हजेरीला सुमी दोनदा "हजर" म्हणायची. एक स्वतःचं, एक हिचं. मी तसा तापट माणूस. एकदा चिडून म्हणालो, "का गं, तिला तोंड नाही का?"

"हाय की गुर्जी. जेवती ना!"

वर्ग हसला. मान खाली घालून तीही हसली. मग मला कसलं रागावता येतंय!

दिवाळी झाली आणि सुमी आईबापाबरोबर ऊसतोडीला अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे गेली. हिची तर वाचाच गेली. बसायच्या पट्टीवरची सुमीची जागा ती कुणाला द्यायची नाही, तिथं आपलं दप्तर ठेवायची. हजेरीला नुसता हात वर. "तोंडानं बोल" म्हणून मी चार दिवस अडून बसलो. पाचव्या दिवशी तिचे डोळे भरलेले दिसले आणि मीच हरलो.

संक्रांतीनंतर हेडमास्तरांनी वर्गात येऊन फर्मावलं, "तपासणी आहे. येत नाहीत त्या पोरांची नावं कमी करा." एकदा नाव कमी झालं की पुन्हा घालायला आईबापांना शाळेत यावं लागे, आणि मुलीसाठी तेवढी खटपट कोणी करत नसे. सुमीची शाळा तिथंच संपली असती. हे मला ठाऊक होतं. तरी मी हजेरीपट उघडला, तिच्या नावाखाली पट्टी धरली आणि लाल पेन काढलं. हुकूम तो हुकूम.

तेवढ्यात बाही ओढली गेली. माझी. ती शेजारी उभी होती. मी कान पुढे केला, पण ती कानात बोलली नाही.

"गुर्जी, सुमी म्हणती, माझं नाव काढू नका."

सगळा वर्ग लिहायचा थांबला.

"सुमी आहे कुठं?"

"कारखान्यावर हाय. पन येनार हाय. नक्की येनार हाय!"

मी पेनाला टोपण लावलं. हेडमास्तरांची बोलणी खाल्ली, ती पचली.

त्यानंतर रोज सुमीचं नाव घेतलं की ती उठून सांगायची, "येनार हाय!" स्वतःच्या नावाला अजून हातच, पण सुमीसाठीचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनाही तिनं तेच ऐकवलं. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि ती मला पुन्हा कधी दिसली नाही. डोळ्यांपुढे आहे ती परीक्षेच्या आधीची एक सकाळ. सुमी दारात उभी होती. रापलेली, उसाच्या पाल्यानं हात चिरलेले. मी नाव पुकारलं, तर ती ठणकावणारी पोर खाली बघत राहिली. पाढे विसरली होती, धीरही विसरली होती.

हिनं दप्तर उचलून जागा मोकळी केली आणि सुमीला हाताला धरून आणून बसवलं. सुमी तिच्या कानाशी लागली.

"गुर्जी, ही म्हणती, माझं नाव हाय का अजून?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग ही हजर," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "आन् मी बी हजर."