सतरा बटणांचा आवाज

मिस्टरांचं स्वरयंत्र काढावं लागेल असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ऑपरेशनला आठ दिवस होते. दोन रडण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी यादी करायला बसले. मी सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. लेबल लावल्याशिवाय मला कशातलं काही सुचत नाही.

बेत साधा होता. मिस्टरांच्या आवाजातले शब्द फोनवर घ्यायचे, पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा कॉम्प्युटर मिळतो त्यात भरायचे आणि त्याला आकड्यांचा सुटा कीबोर्ड जोडायचा. बटण दाबलं की शब्द. कीबोर्डला सतरा बटणं, म्हणून शब्द सतरा. पाणी, चहा, दुखतंय, पंखा, डॉक्टरांना बोलवा, असे.

आमलीतल्या आमच्या घरात खिडक्या लावून, पंखा बंद करून आम्ही घाम पुसत बसलो.

“अगं, पाणी,” ते म्हणाले.

“नुसतं पाणी म्हणा.”

“अगं, पाणी.”

“अहो, नर्सलाही अगं म्हणणार का?”

“दिसायला बरी असली तर म्हणेन की.” हसताना त्यांना खोकला आला. “अगं लावल्याशिवाय पाणी तोंडातून निघतच नाही. इतक्या वर्षांची सवय आहे.”

“राहू द्या. मी नंतर कापते.”

“काप. सगळेच कापायला टपलेत.”

माझं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. मी अगं, ते अहो. त्यावरच आमचा संसार चालला.

ऑपरेशन झालं. ते घरी आले तेव्हा गळ्याला भोक होतं आणि हातात पाटी. मी कामाला लागले. सतराही फायलींतून ‘अगं’ कापलं. मूळ रेकॉर्डिंग फोनमधून पुसून टाकलं, कारण जागा भरली होती. नको ती वस्तू ठेवायची मला सवय नाही.

सगळं जोडलं तर आवाजच येईना. दोन रविवार मी वायरी काढत-घालत होते. शेवटी कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनभाईंना घरी बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटर टीव्हीला लावून बघितला आणि हसायला लागले.

“बेन, आवाज तो टीव्हीमां जाय छे. तमे स्पीकरनी आरती उतारो छो!”

सांगितलं नाही तर तो छोटा कॉम्प्युटर आवाज टीव्हीच्याच वायरीतून पाठवतो. ते सेटिंग बदललं, एक वायर चुकीच्या पिनेवर होती ती हलवली, आणि स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. पण ‘पाणी’ऐवजी ‘णी’. ‘दुखतंय’ऐवजी ‘खतंय’. आवाज मोठा करणारी जी छोटी पट्टी असते, ती काम नसलं की झोपते आणि उठेपर्यंत शब्दाचं तोंड गिळते. उपाय मीच शोधला. प्रत्येक शब्दाच्या आधी अर्ध्या सेकंदाची शांतता जोडली. सगळे शब्द पूर्ण आले. त्या दिवशी मी फार खूश होते.

त्यांनी पहिल्यांदा बटण दाबलं, ‘पाणी’ ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, “अगं कुठे गेलं?”

“कापलं. तुम्हाला सांगितलं होतं ना.”

त्यांनी मान हलवली. पाटी पुसली.

त्यानंतर बटण दाबण्याआधी ते हातातल्या अंगठीने लोखंडी पलंगाच्या पाइपवर एकदा ठोकायचे. टक. मग ‘पाणी’. टक. मग ‘पंखा’. इलेक्ट्रिशियनभाई भेटायला आले, तेव्हा त्यांच्यासाठी ‘चहा’ दाबला, पण त्याआधी ठोकलं नाही. मी दारातून आत आल्यावर मात्र ठोकलं. हे मी बघितलं, पण विचार केला नाही. मला वाटलं, माझं लक्ष नसतं म्हणून ठोकतात.

“ऐकू येतं मला. ठोकू नका हो, डोकं उठतं,” मी एकदा स्वयंपाकघरातून ओरडले.

त्यांनी ठोकणं बंद केलं. त्यानंतर ते चार महिने होते.

आता सगळं आवरून झालं आहे. औषधं परत केली, कपडे खेरडी गावात गरजूंना देऊन आले. तो बटणांचा कॉम्प्युटर एका डब्यात बसवला होता, तो फ्रिजवर आहे. परवा पुसताना बटणावर हात पडला. आधी काहीच नाही, अर्धा सेकंद, आणि मग ‘पाणी’. जिथून मी ‘अगं’ कापलं होतं, नेमकी तिथेच मी ती शांतता जोडली होती. माझ्याच हाताने, मोजून.

फोन दुरुस्तीवाल्याकडे नेला. पुसलेलं परत येत नाही म्हणाला, त्यावर नंतर बरंच भरलं गेलंय. पुतण्याच्या, भाचीच्या लग्नांचे व्हिडिओ शोधले. त्यांत ते जेवताहेत, नाचताहेत, कोणाला तरी हाक मारताहेत. मला नाही. मी प्रत्येक वेळी पंगतीत वाढत होते.

पलंगाच्या पाइपवर एका जागी रंग उडाला आहे. काल त्यांची अंगठी बोटात घालून मी तिथे एकदा ठोकलं आणि बटण दाबलं. माझ्या हातून ते नुसतंच ठोकणं झालं. अंगठी काढून कपाटात ठेवली.